ओट्यावरची पावलं

ओटा बसून नऊ दिवस झाले होते. दहाव्या दिवशी मी शाळेत असताना सासऱ्यांनी त्याला टाकी लावून घेतली.

टाकी लावणं हल्लीच्या मुलींना ठाऊक नसतं, म्हणून सांगते. जातं आणि पाटा वापरून गुळगुळीत झाले की पीठ बारीक पडत नाही, चटणी नुसती सरकत राहते. मग टाकारीण बोलवायची. ती छिन्नीनं दगडभर बारीक बारीक खड्डे पाडते आणि दगड पुन्हा खरखरीत होतो. जात्याला टाकी लागते, पाट्याला लागते. स्वयंपाकाच्या ओट्याला टाकी लावल्याचं मी त्याआधी ऐकलं नव्हतं आणि त्यानंतरही कुठं ऐकलं नाही.

आम्ही तेव्हा जालन्यात राहत होतो. निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शनला सात-आठ वर्षं झाली असतील. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते, माझे यजमान एका जिनिंगच्या कचेरीत कारकून होते, दोन मुली लहान होत्या. सासूबाई गेल्यावर मामंजी शेत भावकीला लावून देऊन आमच्याकडे राहायला आले होते. त्यांचं गाव तिकडे भोकरदनच्या पुढे, पिंपळगाव रेणुकाईच्या शेजारी. त्यांच्या वडिलांपर्यंत घरात मेंढरं होती. मामंजींनी शेती केली. माणूस कष्टाचा, पण घरात जे काही आहे ते आपल्याच हुकमानं चालतं अशी त्यांची पक्की समजूत होती, आणि आमच्याकडे येताना ती समजूत ते बरोबर घेऊन आले होते.

ओटा मी हौसेनं केलेला नव्हता. दोन वर्षांपूर्वी आडाच्या पायरीवर गुडघा आपटला, तेव्हापासून तो पुरता दुमडत नव्हता. चूल जमिनीवर. एकदा मी मोजलं, तर सकाळच्या एका स्वयंपाकात मी बेचाळीस वेळा बसत आणि उठत होते, आणि प्रत्येक उठण्याला भिंत धरावी लागत होती. एरवी शाळा अकराची, तेव्हा निभायचं. पण होळी झाली की शाळा सकाळची व्हायची आणि घंटा सव्वासातला. आदल्या वर्षी त्या दोन महिन्यांत काय काय झालं ते मी लिहून ठेवलं होतं. किती दिवस मुली नुसत्या दुधावर गेल्या, किती दिवस मामंजी दुपारपर्यंत उपाशी बसले, किती दिवस मी घंटेनंतर पोचले. मुख्याध्यापिकाबाईंनी दोनदा बोलावून समज दिली होती. घरी यांनी एकदाच सांगितलं.

"औंदा सकाळच्या शाळेत घरचं बराबर झालं तर ठेव नोकरी. न्हाई झालं तर राजीनामा दे. रोजची ही रडारड मला पाहवत न्हाई."

मी एकदाही रडले नव्हते. भांडले होते. पण ते जाऊ द्या.

मला शाळा सोडायची नव्हती. माझ्या पाचवीच्या वर्गात अकरा मुली होत्या आणि त्यातल्या चार मी स्वतः घरोघरी जाऊन, त्यांच्या आज्यांशी वाद घालून आणलेल्या होत्या. मी घरी बसले असते तर पुढच्या आठवड्यात त्या चौघीही घरी बसल्या असत्या. त्यांच्या घरच्यांना तेवढंच निमित्त हवं होतं.

म्हणून ओटा. विटांचे तीन खांब आणि वर शहाबादी फरशी, माझ्या कमरेच्या उंचीला. एका टोकाला पाण्याची घागर, दुसऱ्या टोकाला शेगडी आणि स्टो, मधे लाटायला मोकळी जागा. बसवणारा मिस्त्री स्टेशनाकडच्या वस्तीतला एक म्हातारा मुसलमान माणूस होता. तरुणपणी हैदराबादेत मोठमोठ्या घरांतून फरशीचं काम केलेला. त्यानं फरशी बसवायला एक दिवस घेतला आणि घासायला चार. शेवटी तेलाचं बोट फिरवून मला म्हणाला, हात फिरवून पाहा. पाण्यावरून हात फिरवल्यासारखं वाटलं.

उभ्यानं स्वयंपाक आमच्या गल्लीत कुणी पाहिलेला नव्हता. बायका येऊन पाहून गेल्या. शेजारी राहणाऱ्या शेटाणीबाई आमच्या घरमालकीण. मारवाडी, मनानं चांगल्या, बोलायला मोकळ्या. ओट्याची परवानगी त्यांनीच दिली होती. त्या म्हणाल्या, "बाई, उभ्यानं तर घोडा खातो. आता उभ्यानं रांधणार बी का?" मी म्हटलं, रांधणार.

सकाळची शाळा आतापासूनच सुरू झाली असं धरून नऊ दिवस मी घड्याळ लावून रांधलं. पोळपाट नको, पोळी सरळ दगडावर लाटायची. कणीक सांडली तर ओल्या फडक्याचा एक हात फिरवला की साफ. पाचला उठले की सहा वीसला सगळं झाकून ठेवलेलं असायचं. साडेसहाची मर्यादा होती, त्यात दहा मिनिटं शिल्लक. नोकरी राहिली, असं मी मनाशी म्हटलं.

आठव्या दिवशी परात घसरली. फरशी ओली होती, परात सरकली आणि खाली पडली. कणीक सांडली, पायाचा अंगठा थोडक्यात वाचला. चूक माझी होती. खाली फडकं घालायला हवं होतं. तसं मी वहीत लिहिलंही. आणि संध्याकाळी जेवताना ही गोष्ट मी हसत हसत सगळ्यांना सांगितली. मामंजींनी ऐकून घेतलं आणि ताटातली भाकरी मोडत राहिले.

दहाव्या दिवशी मी शाळेतून आले तर उंबऱ्यावर पांढरट भुकटी आणि आत बायकांची गर्दी. मला वाटलं, कुणाला काही झालं. पिशवी तशीच हातात घेऊन आत शिरले. शेटाणीबाईंनी मला पुढे जायला वाट करून दिली, नवरीला देतात तशी.

ओट्याचा निळसर काळा रंग गेला होता. कडेपासून कडेपर्यंत पांढरे ठिपके. घागरीच्या कोपऱ्यात मोर. शेगडीपाशी कमळ. आणि बरोबर मधे, जिथं मी पोळ्या लाटत होते तिथं, लक्ष्मीची दोन पावलं, बोटं आत घराकडे केलेली. पावलांवर हळदकुंकू वाहिलेलं, वर दोन फुलं. टाकारीण आणि तिचा नवरा सकाळी मी बाहेर पडल्याबरोबर बसले होते आणि चारपर्यंत काम करून, शिधा आणि चोळीचा खण घेऊन गेले होते. जात्याला पहिल्यांदा टाकी लागली की करतात तसं मामंजींनी सगळं रीतसर केलं होतं. खण माझ्या पेटीतला होता.

बायका म्हणत होत्या, काय सुंदर झालंय. शेटाणीबाई म्हणाल्या, "पहिले कसा थंडा दगड दिसत होता. आता रौनक आली. आमच्या घरी बी करून घेते मी."

मामंजी दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. त्यांना इतकं खुशीत मी फार क्वचित पाहिलं होतं.

"परात गेल्ती ना त्या दिवशी? आता बिलकुल सरकणार न्हाई. बिनटाकीचा दगड घरात म्हंजे मुका दगड, सूनबाई. त्याला कामाचा केला."

मला काय झालं ते मी नीट सांगू शकत नाही. दहा बायका समोर उभ्या होत्या आणि त्या दहाही जणींना वाटत होतं की मी आता मामंजींच्या पाया पडावं. मी पिशवी खुंटीला लावली आणि म्हटलं, चहा कोण कोण घेणार. दहा जणींचा चहा केला. स्टो ठेवायला गेले तर त्याचा एक पाय कमळाच्या खड्ड्यात गेला आणि स्टो डुगडुगायला लागला. खाली पुठ्ठा घालून चहा केला.

बायका गेल्यावर मी मामंजींना विचारलं की हे करायच्या आधी मला का विचारलं नाही. आवाज चढवला नव्हता. त्यांना प्रश्न कळलाच नाही. खरोखर कळला नाही; सोंग नव्हतं ते.

"घरच्या दगडाला टाकी लावायची, त्यात इचारायचं काय?" ते म्हणाले.

रात्रभर मी रागानं कूस बदलत राहिले आणि सकाळी पाचला उठले. त्या ओट्यावर पहिली पोळी लाटली तर पोळीच्या पाठीवर ठिपके उठले, आणि ती उचलायला गेले तर पावलाच्या टाचेत अडकून फाटली. पोळपाट काढला तर तो खाली नीट बसेना. खड्ड्यांत पीठ भरलं. फडक्यानं निघेना, म्हणून खराट्याची काडी घेऊन एकेक खड्डा कोरत बसले. तेवढ्यात वरणाचा थेंब सांडला, तो कमळात गेला. सगळं उरकून घड्याळ पाहिलं तर सात वाजून दहा मिनिटं झाली होती. दुसऱ्या दिवशी सात पाच. तिसऱ्या दिवशी मी कोरलं नाही, तसंच ठेवलं, तर संध्याकाळपर्यंत मुंग्यांची रांग मोराच्या शेपटातून पावलांपर्यंत लागली होती.

सकाळची शाळा सुरू व्हायला दहा दिवस राहिले होते.

यांना मी वेळा दाखवल्या. म्हटलं, नऊ दिवस सहा वीस, आता सात पाच. हे दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, "मंग न्हाई जमत म्हण ना. तुझ्यानं होत न्हाई, त्यात माझ्या बापाचा काय दोष?" तो वस्तरा त्या वेळी माझ्या हातात नव्हता हे बरं झालं.

मी शाळेतून परस्पर मिस्त्रीकडे गेले. ओट्यावर काय झालं ते सांगितलं आणि म्हटलं, जेवढा खर्च होईल तो देते, पण येऊन पुन्हा घासून द्या. सगळी नको, मधली लाटायची जागा दिली तरी चालेल. तो खाटेवर बसला होता. सगळं ऐकून घेतलं. मधे काय कोरलंय, ते दोनदा विचारलं. मग मान हलवली.

"नक्को बाई. ये काम मेरे हात से नक्को."

मी चिडले. मला वाटलं, त्याच्या मेहनतीवर दुसऱ्यानं छिन्नी चालवली म्हणून रुसलाय. मी म्हटलं, मिस्त्री, दगड तुम्ही घासला होता, आता तुम्हीच नाही म्हणता, मग मी कुणाकडे जाऊ? पावलं राहू द्या हवं तर, ठिपके तरी घासा.

त्यानं आवाज खाली आणला. "आज ठिपके घासले, उद्या कोणी बी म्हणंल, मिस्त्रीनं पावलं घासली. तुम्ही न्हाई म्हणणार, मालूम है मला. पण गल्ली म्हणंल. बाई, ह्या गावात मला राहायचं हाय."

पोलीस ॲक्शनच्या दिवसांत त्याच्या घरातलं कोण गेलं, ते गावात सगळ्यांना माहीत होतं आणि मलाही माहीत होतं. माहीत असून मी तासभर त्याला गळ घालत बसले होते. त्याची लाज वाटली, आणि लाजेच्या पाठोपाठ राग दुप्पट झाला. मामंजींचा, टाकारणीचा, चहा पिऊन गेलेल्या दहा बायकांचा आणि माझा स्वतःचा.

निघताना त्यानं कोपऱ्यातून दगड घासायच्या कुरुंदाच्या दोन वड्या काढून दिल्या, एक भरड, एक बारीक. बोटानं जमिनीवर गोल काढून दाखवलं की असं फिरवायचं, पाणी कमी पडू द्यायचं नाही, भरड वडीनं खड्डा पुरता जाईपर्यंत बारीकला हात लावायचा नाही. जोर हातानं लावायचा नाही, खांद्यानं लावायचा. वड्या परत आणून द्या म्हणाला, पण घाई नाही.

घरी येऊन मी कामाचे तीन भाग केले. मोर घागरीखाली झाकला जातो, तो राहू दे. कमळावर पुठ्ठा घालून स्टो बसतो, तेही राहू दे. राहिला मधला पट्टा, दोन हात लांब आणि ओट्याच्या रुंदीएवढा. त्यात ठिपके आणि पावलं. आधी ठिपके.

रविवारी यांना आणि मुलींना जेवायला घालून मी घासायला उभी राहिले. शहाबादी दगड तसा मऊ, पण टाकारणीनं काम चोख केलं होतं; खड्डे ज्वारीच्या दाण्याएवढे खोल होते. तासाभरात खांदा भरून आला. पाणी राखाडी होऊन कोपरावरून ओघळत होतं. दुपार सरेपर्यंत डाव्या बाजूचे ठिपके गेले. पुढचे पाच दिवस शाळेतून आले की चहा व्हायच्या आत तासभर घासायची. उजव्या हाताच्या तळव्याला फोड आले, फुटले, त्यावर चिंधी बांधून घासलं. वर्गात फळ्यावर लिहिताना मुली विचारायच्या, बाई, हाताला काय झालं. मी म्हणायची, पुस्तक काढा.

मामंजी तीन दिवस नुसते पाहत होते. चौथ्या दिवशी वडी पावलांच्या कडेला जाऊन टेकली, तेव्हा ते आत आले.

"पावलाला हात लावू नको."

मी म्हटलं, मामंजी, ती माझ्या लाटायच्या जागेवर आहेत. ते म्हणाले, बाजूला सरकून लाट. मी म्हटलं, बाजूला शेगडी आहे. ते म्हणाले, मग पाटावर बसून लाट, सगळ्या जगातल्या बायका लाटतात. तेव्हा मात्र माझा आवाज चढला.

"मामंजी, या पावलांत माझी कणीक भरते. रोज सकाळी मी ती खराट्याच्या काडीनं उकरून काढते. खराट्याच्या. ही कुठली पूजा?"

त्यांनी माझ्या पायांकडे बोट केलं. मग म्हणाले, "तुझ्या पायावर परात पडली असती तर? म्या कोनासाठी केलं?"

ते खरं होतं. त्यांनी माझ्यासाठीच केलं होतं, आणि त्यामुळे राग ओकायलासुद्धा जागा उरली नव्हती. कुणी वाइटासाठी केलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

त्या दिवसापासून मामंजींनी माझ्या हातचा चहा बंद केला. सकाळ-संध्याकाळ शेटाणीबाईंच्या ओसरीवर जाऊन प्यायला लागले आणि तिथं सगळ्या गल्लीला हकिकत कळली. शेटाणीबाई मला आडावर गाठून म्हणाल्या, "बाई, एवढी पावलं तेवढी ठेवा. मोर काढून टाका पाहिजे तर." मोर काढून मला काय मिळणार होतं? मोर कोपऱ्यात होता. हेही तेच म्हणाले. पावलं तेवढी राहू दे, बाकी तुझं बराबर आहे. जो तो मला पावलं सोडून काहीही द्यायला तयार होता. माझी शाळा जाईल याचं कुणी नावसुद्धा काढत नव्हतं, जणू ती आधीच गेलेली होती.

शनिवारी सकाळी मामंजींनी पिशवी भरली. कुठं निघालात म्हणून यांनी विचारलं, तर म्हणाले, रेणुकाईला. मंगळवार देवीचा वार. त्या दिवशी कौल लावतो. पावलं घासावी का न घासावी, हे देवीच सांगेल. देवीच्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा, आणि उजवीकडची आधी पडली की होकार, डावीकडची पडली की नकार. अशी त्यांच्याकडची रीत. "बुधवारी येतो. तवर कोनी हात लावायचा न्हाई," असं यांना सांगून ते निघाले. मी चार हात अंतरावर उभी होते. मला काही सांगितलं नाही.

ते गेल्यावर मी तशीच ओट्यापाशी उभी राहिले. भोकरदनपर्यंत मोटार, पुढे बैलगाडी, चाळीस-पंचेचाळीस मैल. देवीला विचारायला हा माणूस एवढ्या लांब जायला तयार होता. मला विचारायला नुसता स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा होता.

सकाळची शाळा सोमवारी सुरू होणार होती. कौल मंगळवारी. मुख्याध्यापिकाबाई बुधवारपर्यंत थांबणार नव्हत्या आणि यांनी दिलेली मुदतही थांबणार नव्हती. यांना मी सरळ सांगितलं की उद्या जेवणं झाल्यावर मी पावलं घासणार आहे. हे म्हणाले, आबा येऊ दे. मी म्हटलं, सोमवारी पोळ्या तुम्ही लाटा, मग मी बुधवारपर्यंत थांबते. हे पान लावत होते, ते तसंच ठेवून बाहेर गेले.

रविवारी दुपारी मी घासायला घेतलं. हळदकुंकू आधी धुऊन काढलं आणि ते पाणी तुळशीत ओतलं. घाबरले नव्हते असं नाही. लहानपणापासून जे पायाला लागलं तर हात लावून नमस्कार करायचा, ते मी दगडानं खरवडत होते. टाचा आधी गेल्या. बोटं फार खोल होती. टाकारणीनं एकेका बोटाला वेगळी छिन्नी वापरली होती बहुतेक. थोरली मुलगी दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, देवी रागावेल. मी तिला म्हटलं, पाणी आण. तिनं आणलं.

पाच वाजता शेवटचं बोट गेलं. बारीक वडी फिरवली, तेलाचा हात दिला. जागा पहिल्यासारखी झाली नाही. मधे थोडी खोलगट राहिली आणि रंग बाकीच्या दगडाहून फिका, त्यामुळे ठिपक्यांच्या मधोमध कुणीतरी ताट ठेवून उचललं असावं तशी दिसत होती. दिसण्याचं मला काही नव्हतं. लाटून पाहिलं, पोळी सुटली.

सोमवारी सहा पंचवीसला सगळं झाकून ठेवलं, मुलींना खाऊ घातलं, यांचा डबा भरला आणि पावणेसातला घराबाहेर पडले. हे जागे होते. डब्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि पंचा घेऊन आडाकडे गेले. शाळेच्या फाटकात पोचले तेव्हा शिपाई घंटेचा हातोडा हातात घेऊन उभा होता, टोला मारायचा होता अजून. मंगळवारीही तसंच. राजीनाम्याचा विषय त्यानंतर घरात निघाला नाही, आणि तो आपण काढला होता हेही हे लवकरच विसरले.

बुधवारी दुपारी मामंजी आले. मी नुकतीच शाळेतून येऊन, दुखरा पाय लांब करून, विळीवर भाजी चिरत होते. पिशवी ठेवून ते स्वयंपाकघरात आले, ओट्याजवळ गेले आणि मधल्या जागेवरून तळवा फिरवला. एकदा इकडून, एकदा तिकडून. दगड पाहणाऱ्या माणसाचा हात होता तो. कुठं खोलगट आहे ते त्यांना लगेच कळलं असणार. मी विळीवरून हात उचलला नाही. माझ्या तळव्याची चिंधी त्यांना दिसत होती. ते बाहेर गेले आणि मी त्यांच्यासाठी चहा टाकला. ते तो पितील की शेटाणीबाईंकडे जातील, मला ठाऊक नव्हतं.

ते ओसरीवरच बसले. चहा घेऊन मी दारापर्यंत गेले तर शेटाणीबाई आलेल्या होत्या आणि विचारत होत्या, मंग काय म्हणाली देवी.

"उजवा दिला," मामंजी म्हणाले. "पाकळी ठेवल्या ठेवल्या पडली. मंग घेतली पावलं घासून."

मी चहाची कपबशी दोघांच्या मधे ठेवली.

"रविवारी घासली," मी म्हटलं. "कौल मंगळवारी होता. आणि घासून घेतली नाहीत कुणी. मी घासली."

शेटाणीबाई एकदा माझ्याकडे आणि एकदा त्यांच्याकडे पाहायला लागल्या. मामंजींनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली, घोट घेतला.

"तेच सांगून राह्यलो," ते म्हणाले.